भरडधान्यांचे पाककृतिपुस्तक निवडताना

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष घोषित केले होते. या धान्यांच्या पाककृतींची पुस्तके आज अनेक भारतीय भाषांत मिळतात. मात्र मुखपृष्ठावरील ‘पौष्टिक’ या शब्दावरून त्यांची पारख होत नाही. नाचणीच्या बिस्किटांत नाचणीपेक्षा मैदा, साखर व तूपच अधिक असू शकते. म्हणून विकत घेण्यापूर्वी एखादी कृती उघडून प्रमाण वाचावे. पदार्थ किती जणांसाठी आहे हेच दिलेले नसेल, तर तेल-मिठाचा दरडोई हिशेब लागत नाही. प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ‘मीठ चवीनुसार’ एवढ्यावर भागवणारे पुस्तक येथे उपयोगी पडत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे नावांचा प्रश्नही असतो. मराठीतील राळा हिंदीत कंगनी, कन्नडमध्ये नवणे, तेलुगूत कोर्रा, तर तमिळमध्ये तिनै होतो. अशा वेळी धान्याचे शास्त्रीय नाव (राळ्याचे सेटारिया इटालिका) देणारे पुस्तक स्थानिक दुकानात चुकीचे धान्य घेण्यापासून वाचवते.

साठवणुकीच्या सूचनाही पाहाव्यात. बाजरीत स्निग्धांश बराच असतो; दळल्यानंतर विकरांच्या क्रियेमुळे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होऊ लागते. महिन्याभराचे बाजरीचे पीठ एकदम दळून ठेवण्यास सांगणाऱ्या लेखकाने बहुधा भाकरी स्वतः थापलेली नसावी.