दाताला काय लावता?

"तंबाखू, दारू, काही व्यसन?" दवाखान्यातल्या सिस्टरनी केसपेपरवरून मान वर न करता विचारलं आणि मीही तितक्याच सहज "नाही" म्हणाले. २००५ साल, पहिलटकरीण, तिसरा महिना. आपण खोटं बोलतोय असं मनातही आलं नाही. कनवटीला मशेरीची डबी होती, पण मशेरी म्हणजे दात घासायची वस्तू. तंबाखू खातात ते पुरुष, चुना लावून, पिंका टाकत. आम्ही बायका नुसती दाताला लावतो!

सवय तेराव्या वर्षाची. दाढ ठणकत होती म्हणून आईने बोटावर चिमूटभर दिली. डोकं गरगरलं, ओकारी आली, पण दाढ बधिर झाली. मग दाढ दुखत नसतानाही बोट डबीत जायला लागलं. सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या गावात लग्न होऊन आले, तर सासरीही तेच. आत्याबाई परड्यात चूल पेटवून जुन्या तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायच्या. खकाण्याने आजूबाजूच्या घरांत खोकला उठायचा. मग ती कुटून, वस्त्रगाळ करून डब्यांत भरायची. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवल्यावर, रात्री निजताना लावायची. दात दिवसातून इतक्यांदा कशाला घासायचे, हा प्रश्न कुणाला पडला नाही. खरं सांगायचं तर ती आमची हक्काची सुटी होती. तोंडात मशेरी धरून उंबऱ्यावर बसलेल्या सुनेला कुणी काम सांगत नाही.

दिवस गेले आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. मशेरी लावली की मळमळ दबल्यासारखी वाटायची, म्हणून तीनदाची पाचदा झाली. आठव्या महिन्यातच कळा आल्या. मुलगी १ किलो ९०० ग्रॅमची. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात. कित्येक दिवस तिला उघड्या छातीशी धरून बसले. काट्यावर वीस ग्रॅम वाढले तरी देवाला हात जोडायचे. आज ती धडधाकट आहे. सगळं मशेरीनेच झालं, असं मला कुणी सांगितलेलं नाही. दिवस भरण्याआधी बाळंत व्हायला दुसरीही कारणं असतात. पण मशेरीबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

२००९ मध्ये पुन्हा दिवस राहिले. आमच्याच आळीतली आशाताई घरी आली. तिने व्यसनाचं नावच काढलं नाही. "वैनी, दाताला काय लावता?" म्हणाली. मी म्हटलं, "मशेरी." "मग ती तंबाखूच की!"

तिने समजावलेलं आजही ध्यानात आहे. मशेरी गिळावी लागत नाही. हिरड्यांतून निकोटीन सरळ रक्तात उतरतं. रक्तवाहिन्या आकसतात, वारेकडे जाणारं रक्त कमी होतं आणि वार ओलांडून ते विष बाळापर्यंतही जातं. विडी-सिगारेटच्या धुरात याशिवाय कार्बन मोनॉक्साइड असतो, तो बाळाचा प्राणवायू तोडतो. पण धूर नाही म्हणून मशेरी निर्धोक ठरत नाही. पुढे मला कळलं की २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास छापून आला होता. त्यात मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली होती आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. वीस-वीस ग्रॅम मोजलेल्या बाईला १०५ ग्रॅम म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. दंतमंजनात तंबाखू घालायला तर सरकारने १९९२ मध्येच बंदी केली होती. आमच्या परड्यातल्या तव्यापर्यंत तो कायदा कसा पोचणार?

दुसरा महिना चालू होता. त्याच दिवशी डबी उकिरड्यात टाकली. पहिल्या दिवशी डोकं धरलं. दुसऱ्या दिवशी पोरीवर विनाकारण खेकसले. तिसऱ्या दिवशी पोट साफ होईना. चौथ्या दिवशी आत्याबाईंनी तवा मांडला आणि तो वास आला तशी मी पोरीला काखेत घेऊन रानात निघून गेले. "आम्ही काय बाळंतपणं केली नाहीत?" म्हणून त्या फणकारल्या. ह्यांनी वाद घातला नाही, तवा उचलून गोठ्यामागे नेऊन ठेवला. तीन-एक आठवड्यांनी तलफ मंदावली. मुलगा दिवस भरून झाला, २ किलो ८०० ग्रॅमचा.

इथेच गोष्ट संपली असती तर मी शहाणी ठरले असते. पण बाळंतपणाला माहेरी गेले होते, आईने डबी पुढे केली आणि मी बोट घातलं. निकोटीन अंगावरच्या दुधातूनही बाळाला जातं, हे तेव्हा मला माहीत होतं. तरी घातलं. पुन्हा सोडायला पुन्हा तेवढाच त्रास झाला.

म्हणून ज्यांना नुकतेच दिवस गेलेत, त्यांना चार गोष्टी सांगते.

पाळी चुकल्याचं कळेल त्याच दिवशी सोडा. महिने उलटले असतील तरी आज सोडलेलं उद्यापेक्षा बरं. पहिले तीन-चार दिवस सर्वांत वाईट, ते घरच्यांना आधीच सांगून ठेवा. तलफ काही मिनिटांची असते. तेवढा वेळ तोंडात बडीशेप किंवा लवंग धरा, पाणी प्या, जागेवरून उठा. सुपारी मात्र नको, तीही घातकच.

मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, ही अडचण खरी आहे, आणि लोहाच्या गोळ्यांनी ती वाढते. सकाळी कोमट पाणी, पालेभाज्या, थोडं चालणं यांनी पोट वळणावर येतं. नाहीच आलं तर डॉक्टरांना विचारून औषध घ्या. निकोटीनचं च्युइंगगमही गरोदरपणी स्वतःच्या मनाने घेऊ नका. उंबऱ्यावरची सुटी मात्र सोडू नका. डबीशिवायही दहा मिनिटं बसा.

घरच्यांना सांगणं एवढंच की उपदेश नको, तवा आणि डबी तिच्या डोळ्यांआड ठेवा. तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, त्यावर फोन फुकट लागतो.

आणि पहिल्या तपासणीला सिस्टर विचारतील, "काही व्यसन?" तो शब्द जड वाटत असेल तर वापरू नका. नुसतं म्हणा, "सिस्टर, मी मशेरी लावते." पुढचं त्या बघतील.