वणव्यावर नजर ठेवणारा मनोरा

रानात आग लागली की प्रथम धूर दिसतो. तो वेळीच कोणी पाहावयाचा व आगीची नेमकी जागा कशी ठरवावयाची, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे वणवा-निरीक्षण मनोरा होय.

अमेरिकेच्या आयडाहो व मोंटाना या राज्यांत ऑगस्ट १९१० मध्ये भीषण वणवा पेटला. दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर अरण्य भस्मसात झाले व ८५ हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर उंच शिखरांवर मनोरे उभारण्याच्या कामास वेग आला.

मनोऱ्यावरील खोली साधारण १४ फूट लांब-रुंद असे व तिला चारही बाजूंनी काचेच्या खिडक्या असत. मध्यभागी नकाशा बसविलेले दिशादर्शक यंत्र असे. एका मनोऱ्यावरून धुराची केवळ दिशा कळते. परंतु दोन मनोऱ्यांवरून काढलेल्या रेषा नकाशावर जेथे छेदतात, तेथेच आग असते. शाळेच्या मैदानावर होकायंत्र व नकाशा घेऊन शिक्षकांना हा प्रयोग सहज करून दाखविता येईल. वीज कडाडत असता पहारेकरी काचेचे पाय लावलेल्या स्टुलावर उभा राही.

पुढे विमाने व उपग्रह आले आणि बहुसंख्य मनोरे ओस पडले. त्यांपैकी काहींची डागडुजी करून तेथील वनखात्याने ते प्रवाशांना रात्रीच्या मुक्कामासाठी भाड्याने देण्यास प्रारंभ केला. तेथे बहुधा वीज वा नळ नसतो. पाणी स्वतः वाहून न्यावे लागते. मात्र एक रात्र तेथे काढणाऱ्यास पहारेकऱ्याच्या एकाकी जबाबदारीची जाणीव होते. आपल्याकडेही काही अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यालगतच्या मचाणावर बसण्याची संधी नागरिकांना मिळत आली आहे.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाद्वारे वणव्यांचा मागोवा घेत आहे. परंतु उपग्रह आग विझवीत नाही. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालील पाला पेटविला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून रान जाळले जाते, आणि वाऱ्याबरोबर ती आग हाताबाहेर जाते. तीत कोवळी रोपे, गुरांचा चारा व पक्ष्यांची घरटी जळतात. पावसाळ्यात उघड्या उतारावरील माती वाहून जाते. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये अपराध आहे. पाला जाळण्याऐवजी झाडून गोळा करावा, उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा साफ कराव्यात व धूर दिसताच वनरक्षकास कळवावे. गावाची सावध नजर हाच रानाचा खरा मनोरा होय.