शिकारकथेतील बंदूक : परिभाषेचा एक प्रश्न

शिकारकथेच्या अभ्यासात बंदुकीकडे बहुधा नेपथ्यातील वस्तू म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः ती कोणत्या जातीची आहे, यावर प्रसंगाचा ताण आणि कित्येकदा शब्दाचा अर्थही अवलंबून असतो.

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छरे, पुन्हा बोळा. हे सारे गजाने ठासायचे आणि अखेरीस केप बसवायची. हा झाला एक ‘बार’. फार्सीत ‘बार’ म्हणजे ओझे. ‘बार भरणे’ या प्रयोगात तो अर्थ टिकून आहे. ‘बार ऐकू आला’ म्हणताना मात्र तोच शब्द आवाजाचा वाचक होतो. (‘ठासून सांगणे’ हेही बंदुकीतूनच आले, असे मानण्याचे कारण नाही. ठासण्यासाठी बंदूकच लागते असे थोडेच आहे!) हा बार चुकला तर पुन्हा भरण्यास अवधी नसतो. जखमी रानडुकराच्या प्रसंगातील सारी भीती या अवधीत साठलेली असते.

दुनळी काडतुसी बंदुकीत दुसरा बार तयार असतो. म्हणून तेथे भीतीची जागा बदलते. कोणत्या नळीत छरा आणि कोणत्या नळीत गोळी, हा प्रश्न उभा राहतो. तित्तिरासाठी भरलेला बारीक छरा डुकराला केवळ चिडवतो. ‘बारा बोअर’मधील बाराचा मात्र बाराशी संबंध नाही. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्यास त्यांतील एकीचा जो व्यास, तो या नळीचा, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर, साहजिकच १६ बोअरची नळी तिच्याहून अरुंद.

‘काडतूस’ या शब्दाने अधिक फसगत होते. १८५७ च्या संदर्भातील काडतूस म्हणजे दारू व गोळी असलेली कागदी पुडी. ती दातांनी फोडून दारू नळीत ओतावी लागे. बारा बोअरचे काडतूस मागून घालायचे आणि केपही त्याच्याच बुडाशी असते. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे या बंदुका सर्वत्र रूढ होण्यापूर्वीची. तेव्हा नंतरच्या कथांना तिचे अर्थ जसेच्या तसे लावता येत नाहीत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा हा व्यवहार आटला, आणि वाचकाचा या वस्तूंशी असलेला परिचयही. ‘त्याने घोडा चढवला’ या वाक्यापाशी आता विद्यार्थी थबकतो. घोडा म्हणजे केपेवर आपटणारा भाग, बोटाने ओढायचा तो चाप. घोडा चढला आहे, पण चाप अजून ओढलेला नाही, त्या क्षणी कथा उभी असते.