मॉडेल महिना बघतं, टाकी आजचा दिवस

एलपी (लिनियर प्रोग्रामिंग) मॉडेलनं योजनेला ‘ऑप्टिमल’ म्हटलं की रिफायनरीच्या नियोजनाच्या बैठकीतली चर्चा संपते. ती तिथं संपू नये, म्हणून हे लिहितोय.

सॉफ्टवेअर पिम्स घ्या किंवा जीआरटीएमपीएस, गाभ्याचं गणित एकच. डान्ट्झिगनं १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत मांडली आणि तेल उद्योगानं ती पुढच्या दशकातच उचलली. कोणतं क्रूड किती घ्यायचं, कोणत्या युनिटला काय द्यायचं, हे ती झटक्यात सांगते. हे साधन मला मनापासून आवडतं. पण त्याच्या लेखी महिन्याचं सगळं क्रूड पहिल्या दिवसापासून हाताशी असतं.

मी होतो त्या रिफायनरीत एका महिन्याला मॉडेलनं स्वस्त, जड क्रूड निवडलं. जोडीला हलकं, मेणचट क्रूड होतंच. मिश्रणाची घनता, गंधक, सगळं मर्यादेत. प्रत्यक्षात जहाजांच्या तारखा सरकल्या, टाक्या मोकळ्या नव्हत्या आणि जड क्रूड थोडं, हलकं भरपूर असं मिश्रण युनिटला गेलं. मग भट्टीत शिरणाऱ्या क्रूडचं तापमान पाळीगणिक उतरू लागलं. पॅनेलवरून फोन यायचा, “साहेब, इनलेट परत खाली आलंय, भट्टी आता आणखी ओढत नाही.” एक्स्चेंजर उघडले तर नळ्यांमध्ये काळा, कडक थर. पाण्याचा हाय-प्रेशर जेट लावून तो काढावा लागला. तोवर थ्रूपुट कमी ठेवावा लागला आणि क्रूडच्या भावात वाचलेला पैसा त्यातच गेला.

कारण रसायनात आहे. जड क्रूडमधलं अस्फाल्टीन त्यातल्या रेझिन आणि ॲरोमॅटिक घटकांच्या आधारानं तरंगत असतं. पॅराफिनी तेल जास्त झालं की तो आधार सुटतो आणि अस्फाल्टीन खाली बसतं. घनता आणि गंधकाची सरासरी काढता येते. विस्कॉसिटीला ब्लेंडिंग इंडेक्स लावावा लागतो. दोन क्रूड एकमेकांशी जमतील का, याची मात्र सरासरी निघतच नाही. नवी जोडी असेल तर त्याच प्रमाणात मिसळून प्रयोगशाळेत स्पॉट टेस्ट करा आणि सुरक्षित प्रमाणाची मर्यादा मॉडेलमध्ये टाका.

क्रूडचा ॲसे, म्हणजे गुणधर्मांचा अहवाल, किती जुना आहे तेही बघा. तेलक्षेत्र जुनं होतं तसं क्रूड बदलतं. जहाज लागलं की घनता, गंधक, मीठ तपासून आकडे ताजे करा. मागच्या महिन्यात खरोखर चालवलेलं क्रूड मॉडेलला देऊन उत्पादनं जुळतात का, हे दर महिन्याला पडताळा. यासाठी कोणी वेळ देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

युनिटच्या क्षमतेचे आकडेही तपासा. डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या वर चालत नाही; देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक आहे. गंधक काढणाऱ्या हायड्रोट्रीटरचा कॅटलिस्ट थकत जातो, तरी मॉडेलमध्ये वर्षभर एकच क्षमता बसलेली आढळते. ती कॅटलिस्टच्या वयानुसार बदला.

योजना मंजूर होण्याआधी जहाजांच्या तारखा आणि टाक्यांची रिकामी जागा धरून शेड्यूलिंगची एक फेरी करा, एक जहाज उशिरा आलं असं गृहीत धरून दुसरी. मग ती योजना पॅनेलवरच्या जुन्या ऑपरेटरला वाचून दाखवा. कोणत्या टाकीचा मिक्सर नीट ढवळत नाही आणि कोणता पंप जड तेल ओढत नाही, ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि त्याच दिवशी मॉडेलमध्ये भरा.