आजच्यापुरता मान्ना

आजचं वाचन : निर्गम, अध्याय १६ (छत्तीसच वचनं आहेत, शक्य असेल तर पूर्ण अध्याय वाचा)



मान्नाची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये किती वेळा ऐकली असेल! रानात आकाशातून भाकर पडली, इस्राएल लोकांनी ती खाल्ली, गोष्ट संपली. मीसुद्धा हा अध्याय गेल्या वर्षापर्यंत तसाच वाचत होते. मग आमच्या घरी एक वही आली आणि त्या वहीमुळे मला हा अध्याय पहिल्यापासून पुन्हा शिकावा लागला.

"हे आहे तरी काय?"

आमची छोटी जन्मली तेव्हा २ किलो ७०० ग्रॅमची होती. सगळं छान होतं. दीड महिन्याच्या लसीकरणाला गेलो तेव्हा डॉक्टरांनी तिच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि तो नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथेच राहिला. वजन ३ किलो १०० ग्रॅम, म्हणजे दीड महिन्यात जेमतेम ४०० ग्रॅम वाढ. "दूध पिताना घाम येतो का?" त्यांनी विचारलं. येत होता. कपाळ पूर्ण ओलं व्हायचं. मला वाटायचं उन्हाळा आहे. पाच मिनिटं प्यायली की थकून झोपायची. मला वाटायचं पोट भरलं.

त्याच संध्याकाळी टू-डी इको झाला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. जन्मानंतर लगेच फुप्फुसांमधला दाब जास्त असतो, त्यामुळे छिद्र असूनही त्यातून फारसं रक्त जात नाही आणि बाळ ठीक दिसतं. काही आठवड्यांत तो दाब उतरतो. मग शरीराकडे जायचं रक्त छिद्रातून पुन्हा फुप्फुसांकडे वळतं, हृदयाला दुप्पट राबावं लागतं आणि बाळाची सगळी ताकद श्वास घेण्यात आणि दूध ओढण्यातच संपते. दर हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो, हेही मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

रानात सकाळी दंव सुकल्यावर जमिनीवर काहीतरी बारीक, धण्यासारखं पांढरं दिसलं, तेव्हा लोकांनी एकमेकांना विचारलं की हे आहे तरी काय (वचन १५). त्या प्रश्नावरूनच मान्ना हे नाव पडलं, असं अभ्यासक सांगतात. त्या संध्याकाळी मीही इकोच्या रिपोर्टकडे बघून तेच विचारत होते. माझ्या प्रश्नात आश्चर्य नव्हतं, राग होता. "प्रभू, हे काय आहे? आम्ही काय केलं होतं?"

या अध्यायाची सुरुवात बघा. पहिल्या तीन वचनांत उपकारस्तुती नाही, कुरकुर आहे. लोक म्हणतात, मिसरातच मेलो असतो तर बरं झालं असतं, तिथे निदान पोटभर जेवत तरी होतो. आणि देव काय करतो? ती कुरकुर ऐकतो आणि भाकर देतो. "आधी नीट प्रार्थना करायला शिका, मग बघू," असं म्हणत नाही. माझ्या त्या रात्रीच्या प्रार्थनेला प्रार्थना म्हणायची की भांडण, मला माहीत नाही. पण ती ऐकली गेली, एवढं आज सांगू शकते.

माप

उपाय शस्त्रक्रिया हाच होता. पण त्याआधी वजन थोडं वाढायला हवं होतं. तोपर्यंत औषधं, आणि दर तीन तासांनी ५० मिली दूध. वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ पाजायचं नाही, कारण पिण्यातच ती जास्त कॅलरी खर्च करते. उरलेलं दूध नाकातल्या नळीतून द्यायचं. रोज सकाळी त्याच काट्यावर, कपडे काढून, वजन. अपेक्षा, रोज वीस ग्रॅम.

वीस ग्रॅम म्हणजे किती? चहात घालतो ती चार-पाच चमचे साखर.

म्हणून ती वही. वेळ, तोंडाने किती, नळीने किती, औषध दिलं का, लघवी, वजन. माझ्या नवऱ्याने स्केलपट्टीने रकाने आखले होते.

देवानेही मान्नाचं माप ठरवून दिलं होतं. माणशी एक ओमर, एफाचा दहावा भाग. ज्याने जास्त गोळा केलं त्याचं उरलं नाही आणि ज्याने कमी गोळा केलं त्याला कमी पडलं नाही (वचन १८). आणि दिलं होतं ते फक्त त्या दिवसाचं. उद्याचं उद्या मिळणार होतं. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण भाकर मागतो ती आजची. लहानपणापासून ती प्रार्थना म्हणतेय, पण "आज" या शब्दावर कधी थांबले नव्हते.

किडे

आता माझी चूक सांगते.

माझा नवरा नाइट शिफ्टला होता. रात्री दोनचं फीड झालं आणि मी मोबाईल घेऊन बसले. शस्त्रक्रियेत काय काय बिघडू शकतं? नंतर पेसमेकर लागतो का? किती मुलं जगतात? एका लिंकवरून दुसऱ्या, दुसरीवरून तिसऱ्या. अनोळखी आईबापांचे अनुभव, कुठल्या तरी देशातली आकडेवारी, माझ्या बाळाला नसलेल्या आजारांचीही माहिती. साडेचार वाजले. पाच मिनिटं डोळे मिटते म्हटलं.

जाग आली तेव्हा सात वाजले होते. पाचचा अलार्म मला ऐकूच आला नव्हता. पाचचं दूध गेलं, पाचचं औषध गेलं. छोटी रडलीसुद्धा नव्हती, कारण या बाळांना रडायलाही ताकद लागते. त्या दिवशी काट्यावर वीस ग्रॅम कमी भरले.

डॉक्टर म्हणाले, एका फीडने आभाळ कोसळत नाही. पण मी बाथरूममध्ये नळ सोडून खूप रडले. आणि मग मला विसावं वचन आठवलं. काही लोकांनी मोशेचं न ऐकता मान्ना सकाळपर्यंत साठवून ठेवला आणि त्यात किडे पडले, घाण सुटली.

मी त्या रात्री तेच केलं होतं. उद्याचं, परवाचं, सहा महिन्यांनंतरचं सगळं भय एका रात्रीत गोळा केलं. त्यातलं काहीही मला वापरता आलं नाही. आणि आजचं जे खरोखर माझ्या ओटीत होतं, पाच वाजताचे ५० मिली, ते हातचं गेलं.

त्या दिवसापासून आम्ही दोघांनी एक नियम केला. शंका आली की वहीच्या मागच्या पानावर लिहायची आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायची. रात्री शोधायचं नाही. नियम दोनदा मोडला, खोटं का बोलू? पण भीती कागदावर उतरली की झोप लागायची.

सहावा दिवस

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण अनेक तरुण विश्वासणारे इथेच अडखळतात.

घरी प्रार्थनेला आलेल्या एका व्यक्तीने मला सांगितलं की, विश्वास असेल तर औषध बंद करून दाखव, उद्याची चिंता करू नये असं लिहिलंच आहे. मनाने खचलेली आई अशा वेळी काहीही करू शकते. मीही दोन मिनिटं त्या सिरिंजकडे बघत राहिले. कोणीतरी सांगावं की विश्वास पुरेसा आहे, हे हवंहवंसं वाटतं हो!

पण हाच अध्याय पुढे वाचा. सहाव्या दिवशी देव स्वतः दुप्पट गोळा करायला सांगतो. ते साठवलेलं नासत नाही, त्यात किडे पडत नाहीत (वचन २२ ते २४). म्हणजे साठवणं हेच पाप नव्हतं. भीतीपोटी साठवणं वेगळं आणि सांगितलंय म्हणून तयारी करणं वेगळं. शिवाय मान्ना आकाशातून पडला तरी ताटात पडत नव्हता. ऊन चढण्याआधी उठायचं, वाकायचं, वेचायचं, आणि गणना ११ मध्ये आहे तसं दळायचं, शिजवायचं. देणारा देव, वेचणारे हात आपले. माझ्या हातातली सिरिंज म्हणजे ते वेचणंच होतं. मी औषध दिलं आणि वहीत खूण केली.

तयारी आम्हीही केली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी केली, कागदपत्रं जमवली. तुमच्या ओळखीत असं बाळ असेल तर हेही सांगा की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि जन्मजात हृदयदोष त्यात धरलेला आहे. अंगणवाडीत किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात विचारायचं. आणि रक्त! आमच्या मंडळीच्या तरुण संघातली मुलं शनिवारी सकाळी रक्तपेढीत रांगेत उभी राहिली. त्यातल्या एकाने मला मोठं वचन वगैरे काही पाठवलं नाही. "ताई, मी नाश्ता करून आलोय, घ्या रक्त," एवढंच म्हणाला. त्या आठवड्यात मला मिळालेला सगळ्यात मोठा दिलासा तो होता.

ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही

पाच महिन्यांची असताना, ४ किलो ६०० ग्रॅम वजनावर, तिची शस्त्रक्रिया झाली. हृदय थांबवून, यंत्रावर ठेवून, छिद्रावर पॅच लावला. साडेचार तास. मी काही थोर प्रार्थना केली नाही. "पुढचा एक तास, प्रभू" एवढंच, दर तासाला.

आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी गावाकडची एक आई बसायची. तीन दिवस आम्ही एकाच कपातला चहा अर्धा अर्धा प्यायलो. चौथ्या दिवशी तिचं बाळ गेलं.

तिला मी मान्नाबद्दल काही बोलले नाही. बोलूही नये. तिने माझ्यापेक्षा कमी माया लावली होती, कमी हात जोडले होते, असं मुळीच नव्हतं. आमची वाचली म्हणून माझा विश्वास मोठा, असं मी कधीही म्हणणार नाही आणि तुम्हीही कोणाच्या बाबतीत म्हणू नका. मी फक्त तिच्या शेजारी बसले. लाजराच्या कबरेपाशी आपला प्रभूही आधी रडला (योहान ११:३५). त्या बाकावर मला एवढंच सुचलं, आणि आजही तिचं नाव माझ्या रोजच्या प्रार्थनेत आहे.

भांडं

अध्यायाच्या शेवटी देव एक ओमर मान्ना भांड्यात भरून ठेवायला सांगतो, पुढच्या पिढ्यांनी बघावं म्हणून (वचन ३२ ते ३४). रोजचा मान्ना एका रात्रीत नासत होता, पण आठवणीसाठी ठेवलेला टिकला.

छोटी आता चौदा महिन्यांची आहे. नळी गेली, औषधं थांबली. ठरलेल्या वेळी इकोला जायचं असतं आणि त्याच्या आदल्या रात्री माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. छातीवर मधोमध एक उभी रेघ आहे. आंघोळीच्या वेळी ती स्वतःच त्यावर बोट फिरवते.

वही मी कपाटात बायबलच्या शेजारी ठेवली आहे. दुधाचे डाग पडलेत, एका पानावर पाचच्या रकान्यात रिकामी जागा आहे. ती मोठी होऊन विचारेल ना, "आई, हे काय आहे?" तेव्हा तिला दाखवीन.

मननासाठी

१. उद्याची कोणती भीती तुम्ही आज रात्री साठवून ठेवली आहे? ती कागदावर लिहा. तिच्याबद्दल आज करता येण्यासारखं एक काम असेल तर ते करा, नसेल तर कागद बंद करा.

२. तुमच्या मंडळीत किंवा ऑफिसमध्ये आजारी बाळाचे आईवडील आहेत का? वचन फॉरवर्ड करण्याआधी विचारा, "आज काय आणू?" डबा, रक्त, किंवा त्यांना दोन तास झोपता यावं म्हणून बाळापाशी बसणं, यातलं काहीही चालेल.

प्रार्थना

हे देवबापा, आमची कुरकुर तू ऐकतोस म्हणून तुझे आभार. आजच्यापुरतं बळ दे. जे वेचायचं आहे ते वेळेवर वेचायला उठव आणि जे उद्याचं आहे ते तुझ्या हाती सोडायला शिकव. आज रात्री ज्या आईबापांच्या मांडीवर दमलेलं बाळ आहे, त्यांच्यापाशी राहा. ज्यांची मांडी रिकामी झाली, त्यांच्यापाशीही राहा. येशूच्या नावाने मागतो. आमेन.