परक्यासाठीही तोच नियम
वाचन : प्रेषितांची कृत्ये २४:२२-२७, २५:२३-२७

फेलिक्साने निकाल न देता पौलाला दोन वर्षे बंदीत ठेवले. आरोप नमूद न करता बंदिवानाला पाठविणे फेस्तालाही गैर वाटले.

अलीकडचे उदाहरण पाहा. डिसेंबर २००१ मध्ये ब्रिटनने कायदा केला : दहशतवादाचा संशय असलेल्या, पण मायदेशी छळ होईल म्हणून परत पाठविता न येणाऱ्या परदेशीयांना खटल्यावाचून, बेमुदत कैदेत ठेवावे. काही जण लंडनच्या बेलमार्श तुरुंगात तीन वर्षे होते. १६ डिसेंबर २००४ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या नऊपैकी आठ न्यायाधीशांनी ही कैद मानवी हक्कांशी विसंगत ठरविली. मुख्य कारण हे की, तसाच संशय असलेले स्वदेशीय मात्र मोकळे होते. मार्च २००५ मध्ये ती तरतूद संपली.

लोकांची भीती खोटी नव्हती. पण न्यायाची परीक्षा भीतीच्या दिवसांतच होते.

वर्गासाठी : लेवीय २४:२२ वाचा. आपण परक्याला वेगळे माप कोठे लावतो?