शास्त्र कळायला शास्त्री व्हावे लागते का?



बायबल समजण्यासाठी हिब्रू, ग्रीक यायला हवे का? काही जण म्हणतात, "ते फादरांचे काम, आपल्याला काय कळणार?" काही म्हणतात, "पवित्र आत्मा शिकवतो, मग अभ्यास कशाला?" एका वचनावरून आपण हे तपासून पाहू या.

लूक 14:26 मध्ये प्रभू येशू म्हणतो की, जो आईवडिलांचा द्वेष करीत नाही तो त्याचा शिष्य होऊ शकत नाही. हे वचन एकटेच उचलले तर घर मोडेल. म्हाताऱ्या आईवडिलांकडे पाठ फिरवणाऱ्याला ते आयते निमित्त होईल. अभ्यासक सांगतात की, हिब्रू बोलीत 'द्वेष करणे' म्हणजे कधी कधी 'तुलनेने कमी प्रेम करणे'. हे ज्ञान मोलाचे आहे. पण हिब्रूचे एक अक्षरही न येणाऱ्याने मत्तय 10:37 शेजारी ठेवून वाचले, तरी हाच अर्थ हाती येतो: येशूपेक्षा आईवडील अधिक प्रिय नसावेत.

आता मार्क 7:9-13 वाचा. 'हे देवाला अर्पण केले आहे' असे म्हणून आईवडिलांची मदत थांबवण्याची पळवाट ज्यांनी मोकळी ठेवली, ते अडाणी नव्हते. ते परुशी व शास्त्री होते. विद्या होती, पण देवाची आज्ञा बाजूला पडली होती.

म्हणूनच दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 साली 'देई व्हर्बुम' या दस्तऐवजात दोन्ही गोष्टी सांगितल्या: पवित्र लेखकांना काय म्हणायचे होते हे अभ्यासकांनी शोधावे, आणि सर्व श्रद्धावंतांनी प्रार्थनापूर्वक नेहमी बायबल वाचावे. अभ्यास ख्रिस्तसभेला हवाच. मात्र प्रत्येकाने पंडित व्हायला हवे असे नाही. प्रत्येकाला हवी ती विचारण्याची नम्रता.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 मधील इथिओपियाचा अधिकारी राणीचा खजिनदार होता. त्याच्याकडे यशयाचा ग्रंथ होता, वाचताही येत होते. तरी अर्थ कळत नाही हे त्याने मान्य केले आणि फिलिपला रथात शेजारी बसवले. हा फिलिप कोण? विधवांच्या अन्नवाटपाची सेवा नीट व्हावी म्हणून निवडलेल्या सात जणांपैकी एक!

या आठवड्यात वरील तिन्ही वचने कुटुंबात एकत्र वाचू या. तळटीपा पाहू या, अडले तिथे विचारू या. आणि वाचून झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ थोडा वेळ बसू या.